लिंबूटिंबू आईबाबा

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या, त्याबरोबर बालवाड्याही. पूर्वप्राथमिक वर्ग पुन्हा उघडायला परवानगी मिळाली ती २४ जानेवारी २०२२ पासून, आणि काही शहरांत स्थानिक प्रशासनाने त्याहूनही उशिरा दिली. म्हणजे शाळेची पिशवी नुकती कुठे हातात घेतलेलं तीन वर्षांचं मूल पुन्हा वर्गात गेलं तेव्हा पाच वर्षांचं होत आलं होतं. मोठ्या मुलांसाठी फोनवरचे वर्ग तरी सुरू झाले. लहानग्यांसाठी तसं काही होऊच शकत नव्हतं. जुलै २०२० मध्ये केंद्राने ‘प्रज्ञाता’ नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत पूर्वप्राथमिक वयासाठी दिवसाला ३० मिनिटांची मर्यादा होती आणि तो वेळही मुख्यतः पालकांशी बोलायचा होता. हे योग्यच होतं. पण उरलेल्या दिवसाचं काय, हा प्रश्न प्रत्येक घराने आपापला सोडवला.

वाडीत, चाळीत किंवा सोसायटीच्या आवारात लहान-मोठी मुलं एकत्र खेळतात तेव्हा तीन-चार वर्षांचं पोर लिंबूटिंबू असतं. ते पळतं, किंचाळतं, भोज्याला हात लावून येतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. खेळ त्याला कोणी समजावून सांगत बसत नाही, दादा-ताईंच्या मागे पळता पळता ते आपसूक शिकतं. टाळेबंदीत हे दादा-ताई दारांआड गेले आणि सवंगडी म्हणून उरले आईबाबा. ते वयाने पंचवीस-तीस वर्षं मोठे, कामाने दमलेले, नोकरीच्या आणि आजाराच्या काळजीत असलेले. त्यातून बहुतेकांनी अगदी चांगल्या हेतूने पहिली गोष्ट केली ती म्हणजे ते शिक्षक झाले. मुलाचं नुकसान होतंय ही धास्ती होती, म्हणून खेळात अक्षरं आली, आकडे आले, रंगांची नावं आली. माझं मत स्पष्ट आहे: या वयात घरातल्या खेळात लिंबूटिंबू व्हायला हवं ते आईबाबांनी. खेळ मुलाने मांडायचा, नियम त्याचे, आपण मागेमागे.

हे बोलायला सोपं वाटतं, करताना जड जातं. एक उदाहरण जवळून पाहू. दोन वर्षांचं मूल स्वयंपाकघराच्या फरशीवर स्टीलच्या डब्याचं झाकण उभं धरून सोडतं. झाकण गरगरतं, आवाज आधी संथ येतो, मग झरझर आणि बारीक होत जातो आणि एकदम थांबतो. मूल थांबलेल्या झाकणाकडे बघत राहतं, मग पुन्हा उचलतं. इथे मोठ्या माणसाच्या तोंडून हमखास बाहेर पडतं, ‘हे कुठल्या डब्याचं झाकण आहे? मोठं की छोटं? सांग बरं!’ त्या क्षणी खेळाची परीक्षा होते. मुलाला झाकणाचं माप नको होतं, आवाज कधी थांबतो ते बघायचं होतं. त्याऐवजी शेजारी बसून दुसरं झाकण घ्यावं आणि तसंच सोडावं, तोंडाने काही न बोलता. मूल आपल्या झाकणाकडे बघतं, मग आपल्याकडे. मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत आकडे मोजावेत. लहान मुलाला पुढची हालचाल सुचायला मोठ्यांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि आपण बहुतेक वेळा तिसऱ्या आकड्यालाच बोलून मोकळे होतो. थांबलो तर बहुधा ते त्याचं झाकण आपल्या हातात देतं किंवा आपल्या हातातलं काढून घेतं. दोन्हींचा अर्थ एकच: आता तुझी पाळी. देवाणघेवाण सुरू झाली. या वयातल्या भाषेचा पाया अशाच देवाणघेवाणीत घातला जातो.

बोलायचं असेल तर प्रश्न न विचारता जे दिसतंय ते सांगावं. ‘फिरलं, फिरलं, थांबलं.’ मुलाच्या वाक्याहून एक-दोन शब्दच मोठं वाक्य असावं. मूल ‘गाडी’ म्हणालं तर ‘गाडी निघाली’, ‘गाडी निघाली’ म्हणालं तर ‘गाडी निघाली आजीकडे’. चुकीचा शब्द खोडायचा नाही, आपण बरोबर उच्चारून पुढे जायचं. दिवसातून एकदा दहा-पंधरा मिनिटं असं राहायचं ठरवलं की पहिल्या आठवड्यात लक्षात येतं की आपण किती प्रश्न विचारतो आणि त्यांतल्या कितींची उत्तरं आपल्याला आधीच माहीत असतात.

वेळेचा प्रश्न टाळेबंदीत सगळ्यात अवघड झाला, कारण आईबाबा घरात होते आणि तरीही नव्हते. लॅपटॉपसमोर बसलेली आई तीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने रिकामीच असते. अर्ध्या लक्षाने दिवसभर खेळण्यापेक्षा कामाला बसायच्या आधी पंधरा मिनिटं पूर्ण द्यावीत. आधीच, नंतर नव्हे. पोट भरलेलं मूल एकटं खेळायला राजी होतं तसंच सोबतीने भरलेलंही होतं, आणि ताटकळत ठेवलेलं मूल नेमकं मीटिंग रंगात आली की मांडीवर चढतं. शेवट कळावा म्हणून कुकर लावावा. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, शिट्टी कळते. ‘तीन शिट्ट्या होईपर्यंत आपण दोघं.’ दुसऱ्या शिट्टीला सांगावं, आता एक राहिली. शिट्टी झाल्यावर मात्र उठावंच, आज मूड आहे म्हणून वाढवलं तर उद्या शिट्टीला काही अर्थ उरत नाही. दुसरी युक्ती मांडणीची. खेळ सुरुवातीलाच सतरंजीवर किंवा जुन्या चादरीवर मांडावा. वन रूम किचनमध्ये जेवायची पानं घ्यायची वेळ आली की मांडलेला खेळ मोडावा लागतो आणि रडारड होते. सतरंजीवर असला तर सगळा डाव अलगद पलंगाखाली सरकवता येतो आणि दुपारी तसाच बाहेर येतो. मुलाच्या खेळाला दुसरा दिवस मिळाला तर तो बराच खोल जातो. काल बांधलेल्या डब्यांच्या इमारतीत आज कोणीतरी राहायला येतं.

शरीराच्या हालचालीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस एप्रिल २०१९ ची, म्हणजे साथीच्या आधीची आहे. १ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, ३ आणि ४ वर्षांच्या मुलांची त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी असावीत. स्क्रीन दोन वर्षांपर्यंत टाळावा, त्यापुढे तासाभराच्या आत ठेवावा. १८० मिनिटं ऐकून छाती दडपते, पण ती तुकड्यातुकड्यांनी मोजायची असतात आणि घरकामात लुडबुड करणंही त्यात धरायचं असतं. खरी अडचण त्या दम लागणाऱ्या तासाची. ४०० चौरस फुटांत पाच पावलं पळलं की भिंत येते, आणि खालच्या मजल्यावर कोणाची तरी मीटिंग चालू असते.

गुळगुळीत लादी असेल तर चादरगाडी हा उत्तम खेळ. जुनी सुती चादर दुहेरी घालावी, मूल मधोमध मांडी घालून बसवावं, मागे एक उशी ठेवावी आणि चादरीच्या दोन्ही बाजूंच्या कडा त्याच्या मुठीत द्याव्यात. ओढणाऱ्याने त्याच्याकडे तोंड करून मागेमागे चालावं. घोळ होतो तो सुरुवातीच्या हिसक्यात: चादर पुढे जाते, मूल मागे आडवं होतं आणि डोकं आपटतं. उशी त्यासाठीच. पहिली दोन पावलं अगदी सावकाश टाकावीत, वेग मग घ्यावा आणि भिंतीच्या दोन लाद्या आधी थांबावं. शहाबादी फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर चादर सरकत नाही. तिथे उलटं करावं: धुण्याच्या टोपलीत दोन-तीन किलो सामान भरावं आणि मुलाने ती ढकलत न्यावी. ढकलणं, ओढणं, उचलून नेणं या कामांनी मूल पळण्याइतकंच दमतं आणि आवाज जवळजवळ होत नाही. खेकड्याची चाल, पलंगाखालून सरपटत जाणं, दोन्ही हातांनी भिंत ढकलून ‘घर मोठं करणं’ हेही त्याच जातीचे खेळ. उड्या हव्याच असतील तर घडी घातलेल्या गादीवर, आणि खालच्यांना वेळ विचारून ठेवावी.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. मुलाचे पंजे किंवा मनगटं धरून त्याला गरागरा फिरवू नये, एका हाताला धरून उचलू नये. चार-पाच वर्षांपर्यंत कोपराजवळचं हाड धरून ठेवणारा अस्थिबंध सैल असतो, हिसका बसला की हाड त्यातून निसटतं. मूल रडतं आणि तो हात वापरायचं बंद करतं, सूज मात्र दिसत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं हट्ट चाललाय. डॉक्टर तो बहुतेक वेळा काही सेकंदांत बसवतात, पण आपण घरी ओढून बघू नये. टाळेबंदीत दवाखान्यात पोचणंच कठीण असताना हा धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. फिरवायचंच तर काखेत हात घालून, छातीशी धरून.

आता स्वयंपाकघर. बाजारातली खेळायची माती मिळत नव्हती तेव्हा अनेक घरांनी कणकेचा गोळा दिला, आणि संध्याकाळपर्यंत तो चिकट, आंबूस झाला. टिकाऊ गोळ्यासाठी उकड काढावी लागते. मैदा एक वाटी, बारीक मीठ अर्धी वाटी, पाणी एक वाटी, लिंबाचा रस दोन मोठे चमचे, तेल एक मोठा चमचा. हे सगळं गार असतानाच गुठळ्या मोडून कालवावं, मग मंद आचेवर ढवळत राहावं. तीन ते पाच मिनिटांत मिश्रण कडा सोडून एकत्र येतं. मोदकाची उकड काढणाऱ्या हाताला ती वेळ सांगावी लागत नाही. ताटात काढून कोमट झालं की तेलाचा हात लावून मळावं. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज टिकतं. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गोळा पाझरतो, तेव्हा चमचाभर कोरडा मैदा मळून घ्यावा. उन्हाळ्यात उलट तो भेगाळतो, तेव्हा पाण्याने नव्हे, तेलाने मळावा. पाणी लावलं की वरून बुळबुळीत आणि आतून कोरडा असा होतो. पिवळ्यासाठी हळद आणि गुलाबीसाठी बीटचा रस चालतो, फक्त बीटचा रस पाण्याच्या मापातच धरावा. बुरशीचा ठिपका दिसला की वाचवायला जाऊ नये, टाकून द्यावा.

या गोळ्यात मीठ फार असतं. एकदा चाटलं की बहुतेक मुलं पुन्हा तोंडाला लावत नाहीत, पण जे मूल चवीने खात राहतं त्याच्या हातून तो काढून घ्यावा, कारण पोटात गेलेलं एवढं मीठ लहान शरीराला झेपत नाही. कच्चं पीठही पोटाला बाधतं. दोन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या पिठीची बिनमिठाची उकड द्यावी, त्याच दिवसापुरती. ज्या घरात रेशनच्या धान्यावर दिवस काढायचे होते तिथे अन्न खेळायला देणं मनाला पटत नाही, आणि ते न पटणं योग्य आहे. तिथे माती. २०२० च्या गणेशोत्सवात घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा होती आणि कित्येकांनी शाडू आणून घरीच गणपती केले. उरलेला शाडू हे चार वर्षांपुढच्या मुलांसाठी अप्रतिम खेळणं आहे. मूठभर गोळा, ओलं फडकं, पाट एवढं पुरतं. केलेल्या वस्तू वाळून तडकल्या की पाण्यात टाकाव्यात, रात्रीतून पुन्हा माती होते. आपणच केलेली गोष्ट विरघळताना बघणं काही मुलांना आवडतं, काहींना अजिबात नाही. ज्याला नाही आवडत त्याची वस्तू ठेवून द्यावी.

साध्या वस्तूंचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं आदिवासी पाड्यात कुठून आणणार? मग बिया, शंख-शिंपले, खडे, पानं हीच साधनं झाली. महत्त्वाचं होतं ते साधनामागचं तत्त्व: मुलाला उचलता, लावता, मोजता, मोडता यावं. टाळेबंदीत ऑनलाइन खरेदी थांबली तेव्हा शहरातल्या घरांना हे नव्याने उमगलं. चाळणी, नरसाळं, पोळपाट, कपड्यांचे चिमटे आणि घट्ट-सैल फिरणारी झाकणं एवढ्यावर तीन वर्षांच्या मुलाचा महिना निघतो. फक्त सगळं एकदम पुढे ठेवू नये. चार वस्तू आज, त्या टोपलीत परत गेल्या की दुसऱ्या चार उद्या.

हळदीचा खेळ वेगळा सांगतो, कारण त्या काळात त्याला खास जागा होती. हात धुवायला शिकवण्यासाठी पाण्यावर मिरपूड टाकायची आणि साबणाचं बोट बुडवलं की ती कशी पळते ते दाखवायचं, हा प्रयोग घरोघरी पसरला. दिसायला गमतीचा आहे, पण त्यातून मुलाला कळतं ते चुकीचं. मिरपूड पळते ती पाण्याचा पृष्ठताण बदलतो म्हणून. जंतू साबणाला घाबरून पळत नाहीत, ते घासून धुवावे लागतात. त्यापेक्षा अर्धा चमचा तेलात चिमूटभर हळद कालवून मुलाच्या तळहातांना लावावी. आधी नुसतं पाणी: पिवळेपणा तसाच. मग कपड्यांच्या साबणाची वडी हातावर फिरवावी. वडीतल्या क्षारामुळे हळद लालसर होते, त्यामुळे साबण कुठे पोचला आणि कुठे नाही हे डोळ्यांना दिसतं: तळवे लाल, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या पिवळ्याच. वीस सेकंद का लागतात, हे सांगायची वेळच येत नाही. भांड्यांच्या किंवा हातांच्या द्रवसाबणाने हा रंग बहुधा बदलत नाही, कारण त्यांत क्षार कमी असतो. प्रयोग फसला की कारण बहुतेक हेच असतं. वडीच घ्यावी, डोळ्यांना हात लागू देऊ नये आणि खेळ संपला की साध्या साबणाने हात नीट धुवावेत. पुढे कागदावर हळदीच्या पाण्याने रंगवून, वाळवून, साबणाच्या पाण्याने लाल रेघा ओढता येतात आणि लिंबाने त्या पुन्हा पिवळ्या करता येतात.

पाण्याचा खेळ सगळ्यांत शांत. परातीत चार बोटं पाणी, दोन पेले, गाळणी. रडून थकलेलं मूल त्यात पंधरा मिनिटं रमतं. पण चार बोटं पाण्यातही तान्हं मूल बुडू शकतं, म्हणून हाताच्या अंतरावरून हलायचं नाही, फोन आला तरी नाही, आणि खेळ संपताच परात आणि बादली दोन्ही रिकाम्या करायच्या. ज्या गावात टँकर येतो तिथे डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घ्यावं, मग ते झाडांना जातं.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती काय द्यायचं नाही याचं माप सोपं आहे: साधारण ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत जे पूर्ण मावतं ते नाही. चिंचोके, हरभरे, शेंगदाणे, मणी, सागरगोटे सगळे बाद. डाळी-कडधान्यं निवडण्याचा खेळ चार वर्षांनंतर, तोवर कांदे-बटाटे वेगळे करायला द्यावेत. नाकात गेलेला हरभरा ओलाव्याने फुगतो आणि काढणं अवघड होतं. साथीने घरात दोन नवे धोके आणले. बहुतेक डिजिटल थर्मामीटरमध्ये बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजतं. तेव्हा ‘शी’ची वाट न बघता ताबडतोब रुग्णालय. दुसरं सॅनिटायझर. ते अल्कोहोल आहे, लहान मुलाने प्यायलं तर विष, आणि हाताला लावून लगेच निरांजनाजवळ गेलं तर पेट घेतं. घरात साबण-पाणी असताना लहान मुलाला त्याची गरजच नव्हती. मास्कचंही तसंच. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावायची गरज नाही असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं होतं. खेळणी रोज ब्लीचने पुसण्यात कितीतरी आयांचे तास गेले. हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो हे स्पष्ट झाल्यावर कळलं की खेळणी पुसण्यापेक्षा खिडकी उघडी ठेवणं जास्त मोलाचं होतं.

आणि मग मुलं कोरोना-कोरोना खेळू लागली. बाहुलीच्या नाकात काडी, टेडीला तापमापक, ‘तू जवळ येऊ नको, तुला झालाय.’ हे बघून मोठ्यांच्या पोटात कालवायचं, आणि ते पटकन म्हणायचे, ‘असलं नको खेळूस, दुसरं काही खेळ.’ मूल थांबायचं. पण जे त्याला समजून घ्यायचं होतं ते समजायचं राहून जायचं. आजारपण हे त्याच्या घरात घडत होतं, आणि ते त्याच्यासाठी सुई टोचून घेण्याइतकंच असहाय करणारं होतं. खेळात सुई त्याच्या हातात येते. म्हणून पेशंट व्हायला सांगितलं तर व्हावं. किती रडायचं, कुठे झोपायचं, कधी बरं व्हायचं हे त्यालाच विचारावं. त्यातून त्याच्या डोक्यात काय आहे ते कळतं. बाहुलीला ‘तू चॉकलेट खाल्लंस म्हणून झालं’ असं ते म्हणालं तर तिथे खेळातूनच सांगावं, ‘डॉक्टर, चॉकलेटमुळे नाही होत. हा आजार कोणाच्या चुकीने होत नाही.’

बहुतेक मुलांचा हा खेळ रोज थोडा बदलतो: आज रुग्णवाहिका येते, उद्या लस, परवा बाहुली बरी होऊन भाजी आणायला जाते. असा बदलणारा खेळ निरोगी. काळजी करावी ती न बदलणाऱ्या खेळाची. तेच दृश्य, तोच शेवट, चेहऱ्यावर मजा नाही आणि खेळून झाल्यावर मूल आधीपेक्षा अस्वस्थ. घरात मृत्यू झाला असेल तिथे हे जास्त दिसतं. अशा वेळी खेळ थांबवू नये, त्यात एक माणूस घालावा. ‘या बाहुलीजवळ बसायला मी येऊ?’ एकटं पडलेल्या पात्राला सोबत मिळाली की कधीकधी खेळ पुढे सरकतो. आजी गेली असेल तर खेळातसुद्धा ‘आजी उद्या येईल’ असं आपण म्हणू नये. मूल म्हणालं तर म्हणू द्यावं, आणि खेळाबाहेर विचारलं की खरं ते सांगावं. आठवडेच्या आठवडे तोच खेळ अडकून राहिला, झोप उडाली, भूक गेली, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावं.

आईला किंवा बाबाला वेगळ्या खोलीत राहावं लागलं ते दिवस लहान मुलांना सगळ्यात कठीण गेले. सौम्य आजाराच्या घरगुती विलगीकरणाची मुदत जानेवारी २०२२ मध्ये सात दिवसांवर आली, त्याआधी ती दहा दिवसांची होती, आणि तीन वर्षांच्या मुलाला दोन्ही सारखेच अनंत. बंद दारावर खेळता येतं ते टकटक: मुलाने दोनदा वाजवायचं, आतून दोनदा उत्तर, मग तीन, मग एक लांब आणि दोन छोट्या. ठरलेल्या वेळी दिवसातून दोनदा, म्हणजे वाट बघायला काहीतरी निश्चित राहतं. खिडकीच्या काचेतून बोटाने रेघ काढायची आणि पलीकडून दुसऱ्या बोटाने तिचा पाठलाग करायचा, हे चार वर्षांच्या मुलाला फार आवडतं. दोन वर्षांच्या मुलाचं मात्र वेगळं असू शकतं: समोर दिसणारी आई उचलून घेत नाही हे त्याला समजत नाही आणि ते जास्त रडतं. अशा मुलाला नुसता आवाज बरा पडतो. दाराआडून रोजचंच बडबडगीत, रोज त्याच वेळी.

बरं होऊन बाहेर आलेल्या आईबाबांचा थकवा आठवडेच्या आठवडे जायचा नाही. त्यांच्यासाठी आडवं पडून खेळायचे खेळ असतात आणि ते मुळीच कमी प्रतीचे नाहीत. पालथं झोपावं, पाठीवर गाड्यांचा घाट भरतो. डोळे मिटून पडावं, मुलाने घरातली कुठलीही वस्तू वाजवायची आणि आपण ओळखायची: वाटी, चमचा, किल्ल्या. ओळखण्यात मुद्दाम दोनदा चुकावं. मोठं माणूस चुकलं की लहान मुलाला होणारा आनंद दुसऱ्या कशाने होत नाही.

गावी राहिलेल्या किंवा परदेशातून फोन करणाऱ्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर खेळताना एक अडचण होती. अडीच-तीन वर्षांपर्यंत पडद्यावरचं माणूस आणि खरं माणूस यांचा मेळ मुलाला नीट घालता येत नाही. ‘काय जेवलीस? शाळेची आठवण येते का?’ या प्रश्नांना ते पाठ फिरवतं, आणि आजीला वाटतं नात आपल्याला विसरली. उपाय असा की दोन्हीकडे एकच वस्तू असावी: तिकडे वाटी, इकडे वाटी. आजीने तीन वाट्या उपड्या घालाव्यात, एकीखाली बटाटा लपवावा, मुलाने बोट दाखवावं. पहिल्या खेपेला बटाटा ठेवताना दिसू द्यावा, हलवाहलव नंतर. मुलाशेजारी घरातलं कोणी बसलेलं असावं, बोट कुठल्या वाटीकडे आहे हे आजीला सांगायला, कारण कॅमेऱ्यातून बोटाचा नेमका रोख कळत नाही आणि खेळ तिथेच फिसकटतो. सात-आठ मिनिटं पुरे. मूल उठून गेलं तर फोन खाली ठेवून द्यावा, पण बंद करू नये. पाच मिनिटांनी ते स्वतःचा बटाटा घेऊन येतं.

२०२२ मध्ये वर्ग भरले तेव्हा बालवाडीच्या ताईंपुढे वेगळीच मुलं आली. शब्द भरपूर, पण पाळी धरता न येणारी. साहजिक होतं. दोन वर्षं त्यांचे सवंगडी मोठे होते आणि मोठे लोक हवं ते लगेच देऊन टाकतात. घरात लिंबूटिंबू झालेल्या आईबाबांनीही एक गोष्ट राखायला हवी होती, ती आताही राखता येते: दर काही डावांनी आपलाही हट्ट धरायचा. ‘ही लाल गाडी मला हवी आहे. तुझं झालं की दे.’ आणि मिळेपर्यंत खरंच थांबायचं, हिसकावून घ्यायची नाही आणि सोडूनही द्यायची नाही. मुलाला चार मिनिटं लागतात, कधी दहा. पहिल्या मैदानी आठवड्यात एकाच मुलाला खेळायला बोलवावं, घोळका नको. जिच्यावरून भांडण व्हायचं ती वस्तू दोन नगांत ठेवावी. आणि भांडण झालंच तर कोणी मारलं हे विचारत न बसता ती वस्तू आपल्या हातात धरून दोघांना सांगावं, ‘गाडी एक, माणसं दोन. आता काय करायचं?’ मग पुन्हा मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं.